तिसरा लाल शेरा

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. आम्ही पाच वाजून दहा मिनिटांनी निघालो. दहा मिनिटं गेली ती ताडपत्रीच्या एका दोरीपायी. आमच्या पिकअपचे चालक यशवंतमामा, त्यांनी ती दोनदा सोडून पुन्हा बांधली. मागे हळदीची पोती आणि बेदाण्याचे खोके होते, सगळं आमच्या महिला गटाचं. मिरजेजवळच्या आमच्या गावातून माल पहिल्यांदाच थेट बंगळूरला चालला होता. चिकपेटमधल्या व्यापाऱ्याने सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या दिवशी अकराच्या आत माल उतरला पाहिजे, नंतर त्या गल्लीत हातगाडीसुद्धा शिरत नाही.

गटाची सचिव म्हणून मी सोबत होते. मांडीवर गाडीची वही. पिकअप घेतली त्या दिवसापासून ही वही मी ठेवते. दर सोमवारी सकाळी बारा गोष्टी तपासायच्या आणि समोर खूण करायची: टायरमधली हवा, रेडिएटरचं पाणी, ब्रेक, इंजिनच्या ऑइलची पातळी असं सगळं. चालकाकडून चूक झाली की लाल पेनाने शेरा. तीन लाल शेरे झाले की चालक बदलायचा, असा ठराव आमच्या कार्यकारिणीने केलेला आहे, आणि तो मीच मांडला होता. यशवंतमामांच्या नावावर त्या दिवशी दोन शेरे होते. ते त्यांनाही माहीत होतं. मामा पंचावन्नचे आहेत. या वयात गावात चालवायला दुसरी गाडी मिळत नाही, हेही आम्हा दोघांना माहीत होतं. त्यावर आम्ही बोलत नसू.

चिक्कोडी गेली, बेळगाव गेलं, धारवाडला चहा झाला. हावेरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका लागला तो संपेचना. दावणगेऱ्याला बेन्ने दोसे (लोण्यातला डोसा) खाल्ला. तो लहानसा असतो, जाड असतो, आणि एकावर कुणी थांबत नाही. मामांनी तीन खाल्ले आणि म्हणाले, "आता गाडीला भार माझाच जास्त."

रात्र चित्रदुर्गाला एका साध्या लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. तुमकूर ओलांडलं तेव्हा घड्याळात आठ वाजत होते. माझ्या हिशेबाने आम्ही पंचवीस मिनिटं पुढे होतो.

टोलनाक्यावर रांग होती. गाडी जागेवर उभी असताना डॅशबोर्डवर ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकला. मामांनी हलकेच ॲक्सिलरेटर दाबला, दिवा विझला. रांग पुढे सरकली. नेलमंगलच्या अलीकडे तो पुन्हा लागला, आणि या वेळी विझला नाही.

"ताई, बंद करू या."

"मामा, अजून पंचवीस-तीस किलोमीटर. माल उतरवू आणि मग बघू."

मामांनी इंडिकेटर दिला. गाडी डावीकडे घेतली, चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. माझं न ऐकता. मी घड्याळ बघितलं, मग मागची पोती, मग मामांकडे. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

मी वही उघडली आणि लाल पेनाने लिहिलं: "सूचना असूनही गाडी वाटेत थांबवली. मालाला उशीर." मामांनी ते लिहिताना पाहिलं. खाली उतरून बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले.

व्यापाऱ्याला फोन केला. तो मुळीच रागावला नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं. त्याने अर्ध्या तासात एक टेम्पो पाठवला आणि म्हणाला, "गाडी दुसरीकडे कुठे देऊ नका. आमच्या सगळ्या गाड्या अण्णांकडे दुरुस्तीला जातात. ते तुमच्यातलेच आहेत, मराठी." ओढून नेणारी गाडीही त्यानेच सांगितली. मी टेम्पोत मालाबरोबर बसले आणि मामा पिकअपमध्ये.

चिकपेटला टेम्पोही एका कोपऱ्यापर्यंतच गेला. पुढे हमालांनी पोती डोक्यावर घेतली. एका बाजूला साड्यांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला कुलपं, बिजागऱ्या आणि नळांचे ढीग, आणि मधून माणसं आमची हळद घेऊन चाललेली. "बिडी, बिडी" (सोडा, वाट सोडा) असा सारखा पुकारा. पावणेअकराला शेवटचा खोका आत गेला. व्यापाऱ्याने एक हळकुंड मोडलं, वास घेतला आणि मान हलवली. बाहेर येऊन मी उभ्या उभ्या फिल्टर कॉफी घेतली. त्या तेवढ्याशा पेल्याने मला बरंच सावरलं.

अण्णांचं गॅरेज बनशंकरीच्या पलीकडे, एका जुन्या लाकडाच्या वखारीमागे होतं. आत गेले तेव्हा पिकअप आधीच खड्ड्यावर (खाली उतरून काम करायचा चर) उभी होती. अण्णांचं खरं नाव व्यंकटराव. सत्तरीच्या आसपास, पांढरी लुंगी, कपाळाला गंध, आणि हातावर ऑइलचा एक डाग नाही.

"बसा की हो, अक्का," ते म्हणाले. "स्वल्प (थोडं) बाहेर बसा."

"मी गाडीची वही आणलीय. सुरुवातीपासूनच्या सगळ्या नोंदी आहेत."

"सरी (बरं). नंतर बघू. आधी चालवणारे बोलतील, एकटे. मालकांनी बाहेर बसायचं. ही इथली पद्धत आहे."

"मी मालक नाही, सचिव आहे."

"मग तर आणखी लांब बसा," म्हणाले आणि हसले.

मी वखारीच्या भिंतीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. आतून आवाज ऐकू येत होते, शब्द नाही. वीस मिनिटं झाली, मग पस्तीस. गाडीबद्दल पस्तीस मिनिटं बोलण्यासारखं मामांकडे काय असेल, ते मला कळेना. माझ्याशी ते दिवसाला चार वाक्यं बोलत.

मामा बाहेर आले, माझ्याकडे न बघता समोरच्या चहाच्या टपरीवर गेले. मग अण्णांनी मला आत बोलावलं.

"आता तुमची वही वाचा. फक्त ऑइलचं."

मी वाचलं. सतरा आठवडे सलग पातळी बरोबर, दोन खुणांच्या मधोमध. मला त्या पानांचा अभिमान होता, आणि बहुधा तो आवाजात उतरला.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सतरा आठवडे एक थेंब हलला नाही?"

"नाही."

"अक्का, देवासमोरची समईसुद्धा तेल पिते. हे तर इंजिन आहे."

त्यांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली. कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका घेतली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर पट्टीचा एक थेंब टेकवला. कपाटात अशा पत्रिकांची चळतच होती, प्रत्येकीवर एक डाग आणि खाली गाडीचा नंबर. लग्नाला जातो, जेवतो, पत्रिका ठेवून घेतो, असं ते म्हणाले. आमचा थेंब हळूहळू पसरला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याभोवती फिकट, तेलकट कडं वाढत वाढत वधूवरांच्या नावांपर्यंत आरपार उमटलं.

"हे कडं डिझेलचं. पंपाचं सील गेलंय. पंपातलं डिझेल सील ओलांडून खाली ऑइलमध्ये उतरतंय, बरेच दिवस. ऑइल पाण्यासारखं पातळ झालंय. पातळ ऑइल दाब धरत नाही, म्हणून दिवा."

"पण मग पातळी वाढायला हवी होती," मी म्हणाले.

"हवी होती."

"ती वाढली नाही."

"ती का वाढली नाही ते मला कळलंय. पण ते त्यांनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही. इथलं बोलणं इथून बाहेर जात नाही. तुम्ही विचारा त्यांना." पत्रिकेवर गाडीचा नंबर लिहीत म्हणाले, "रागावून विचारू नका. रागावून विचारलंत तर वहीत आहे तेच उत्तर मिळेल."

मामा टपरीच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसले. आम्ही कधी असे शेजारी बसलो नव्हतो, गाडीत सोडून. टपरीवाल्याने न विचारता मला चहा दिला.

"मामा, ऑइल वाढत होतं ना?"

"हो."

"मग पट्टीवर दिसलं का नाही?"

त्यांनी चहा संपवला, कप उलटा ठेवला. "दर सोमवारी तुम्ही यायच्या आधी मी खालचा नट सैल करून अर्धा-पाऊण लिटर काढून घ्यायचो. खुणेवर आणून ठेवायचो."

मी कप खाली ठेवला. "सतरा आठवडे तुम्ही मला खोटं दाखवलंत? माझी सही आहे त्या पानांवर. मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं की."

"कधी?"

"भुईमूग काढणी चालली होती तेव्हा. म्हटलं, ताई, ऑइलला डिझेलचा वास येतोय. तुम्ही म्हणालात, डिझेलच्या गाडीला काय अत्तराचा वास येणार? बाया हसल्या. मीही हसलो." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "पुढच्या सोमवारी पट्टीवर ऑइल खुणेच्या वर गेलं. तुम्ही लाल शेरा मारलात, ऑइल जास्त भरलं म्हणून. म्हटलं, मी भरलंच नाही. तुम्ही म्हणालात, मग आभाळातून पडलं का? त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा वर. पुन्हा लाल. दोन झाले. तिसऱ्याची वाट बघत बसू का?"

मी वही उघडली. पानं मागे नेली. भुईमुगाच्या आठवड्यात माझ्याच अक्षरात एक ओळ होती: "चालकाची तक्रार, वास. दखल घेण्याचे कारण नाही." त्याखाली दोन आठवड्यांचे दोन लाल शेरे. दोन्ही मला चांगले आठवत होते, कारण ते लिहिताना आपण पद्धतशीर काम करतोय असं मला वाटलं होतं. ऑइल कुणी भरलं, कधी भरलं, डबा कुठे आहे, यातलं काही मी विचारलं नव्हतं.

"काढलेलं ऑइल काय केलंत?"

"गोदामाच्या दाराला, रहाटाला, सगळ्यांच्या बिजागऱ्यांना लावलं. उरलेलं डब्यात आहे, गोठ्यात."

गेले चार महिने आमच्या गोदामाचं दार कुरकुरलं नव्हतं. सुमनकाकी, आमच्या अध्यक्षा, त्याचं श्रेय सुताराला देत होत्या. मला हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण मामा हसत नव्हते.

"आता इंजिन गेलं असेल तर ते माझ्यामुळे," ते म्हणाले. "ऑइल खुणेच्या वर राहू दिलं असतं तर कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं. शेरा मारलाय तो ठेवा."

आम्ही आत गेलो. अण्णांनी कुणाला काही विचारलं नाही. म्हणाले, "आज चेंबर (ऑइलची खालची टाकी) उतरवतो. उद्या कळेल. क्रँकला (इंजिनाचा मुख्य दांडा) चरे पडले असतील तर इंजिन पूर्ण बाहेर, आणि मग मी म्हणेन, गाडी विका. नसतील तर बेअरिंग बदलू, सील बदलू, घरी जाल. आता ऊटा (जेवण) करा. आमच्याकडे."

घर बसवनगुडीत होतं, बैठं, पुढे चार पायऱ्या. त्यांच्या पत्नीने चित्रान्न (लिंबू-हळदीचा फोडणीचा भात) आणि कोशिंबीर वाढली. तिची मराठी मला निम्मी कळली आणि माझी तिला बहुधा तेवढीच. "आमचे लोक साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले," अण्णा म्हणाले. "परत जायचं राहून गेलं." हळदीचा रंग बघून पत्नीने विचारलं की ही तुमच्याकडची का. नव्हती. मी दुसऱ्या दिवशी गाडीतल्या पिशवीतली नमुन्याची पुडी नेऊन दिली. मामांसाठी गॅरेजमधली खोली आणि माझ्यासाठी घरातली पुढची खोली, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी नको म्हणाले, पण ते कुणी ऐकलंच नाही.

सकाळी नऊला आम्ही खड्ड्यात उतरलो. चेंबर उतरवून ठेवलेलं होतं. अण्णांनी जुना फिल्टर करवतीने कापला होता आणि त्याच्या कागदाच्या घड्या पंख्यासारख्या पसरून ठेवल्या होत्या. त्यात धातूची बारीक चमक दिसत होती. मामांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही बेअरिंगची," अण्णा म्हणाले. "ती मऊ असतात, मुद्दाम. ती झिजावीत म्हणजे क्रँक वाचावी. वाचली का, ते आता बघायचं." त्यांनी एक बेअरिंग काढलं, क्रँकचा तेवढा भाग कापडाने पुसला. मग बाजूला सरकले. "यशवंतराव, तुम्ही बघा. अंगठ्याचं नख आडवं फिरवा. अडकलं तर चरा आहे."

मामांनी हात स्वतःच्या शर्टाला पुसला. नख क्रँकवर ठेवलं आणि अगदी हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. पुन्हा उलट नेलं. मी खड्ड्याच्या पायरीवर उभी होते. इतक्या वर्षांत मी या माणसाचे हात कधी नीट बघितले नव्हते.

"नाही अडकत," ते म्हणाले.

"दुसरं बघा."

एकेक बेअरिंग काढून चारही ठिकाणं पाहिली. कुठेच अडकलं नाही. शेवटचं अण्णांनी स्वतः बघितलं, मग मलाही बघायला लावलं. गार आणि गुळगुळीत, काचेच्या बांगडीसारखं.

"दिवा लागल्यावर गाडी किती चालली?" अण्णांनी विचारलं.

"पाच मिनिटं," मामा म्हणाले. "मग बंद केली."

"अजून पंचवीस किलोमीटर नेली असती तर आज आपण हे बोलत नसतो." ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत, म्हणजे पुढे न्यायचं मीच म्हटलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पस्तीस मिनिटांत मामांनी तेही सांगितलं असणार.

मी वर आले. वही काढली. नेलमंगलचा शेरा खोडला नाही, मला खोडाखोड आवडत नाही. त्याखाली लिहिलं: "वरील शेरा चुकीचा. चालकाने गाडी वेळेवर थांबवली म्हणून इंजिन वाचले." सही केली. मग मागे जाऊन पहिल्या दोन शेऱ्यांखालीही लिहिलं: "चौकशी न करता मारला." ते दोन्ही लिहायला मला जास्त वेळ लागला.

मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तिन्ही पानं वाचली. "ऑइल काढायचो ते नाही लिहिलं?"

"ते तुम्ही लिहा."

त्यांनी पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "मी दर सोमवारी ऑइल कमी करत होतो. यशवंत." मग विचारलं, "लाल पेन घ्यायचं होतं का?" मी म्हटलं, निळं चालेल.

बेअरिंग, पंपाचं सील, नवं ऑइल, फिल्टर, हे सगळं होईपर्यंत आणखी दीड दिवस गेला. या इंजिनातला थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी झडप) आमच्याकडच्या एका मेकॅनिकने "गाडी गार राहते" म्हणून काढून टाकला होता. अण्णांनी तो परत बसवला. "गार इंजिन म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल," ते म्हणाले. "भात अर्धा शिजला की पोट दुखतं, तसं." आणि एक बदल त्यांनी न विचारता केला. डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचं काट्याचं घड्याळ बसवलं. दिवा फक्त शेवटी ओरडतो, काटा आधीपासून बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

इंजिन सुरू झालं तेव्हा काटा उठला आणि मधे जाऊन स्थिर झाला. मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. "आयतु (झालं)," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

परतीच्या वाटेवर मामा बोलले. चित्रदुर्गापर्यंत ते क्लचबद्दल बोलले, दावणगेऱ्यापर्यंत मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल, आणि हावेरीला त्यांच्या पहिल्या गाडीबद्दल, जी त्यांनी सतराव्या वर्षी विहिरीच्या काठावर थांबवली होती. मी फार काही लिहून घेतलं नाही.

दोन दिवसांनी कार्यकारिणी बसली. मी सगळं सांगितलं, वास, शेरे, नट, नेलमंगल. दोघी-तिघी मामांवर चिडल्या आणि ते बरोबरच होतं. मामा दाराशी उभे राहून ऐकत होते.

"पण तीन शेरे झालेत ना," कुणीतरी म्हणालं. "मग ठरावाचं काय?"

"तिन्ही चुकीचे आहेत. चूक माझी आहे," मी म्हणाले.

सुमनकाकींनी पदर सावरला. "सचिवांना किती शेऱ्यांनी बदलायचं असतं, ते ठरावात आहे का?"

नव्हतं. सगळ्या हसल्या, मीही. ठराव मागे घेतला. यशवंतमामा राहिले. चिकपेटच्या व्यापाऱ्याने पुढच्या महिन्यासाठी पुन्हा हळद मागवली आहे, आणि या वेळी बरोबर सुमनकाकी जाणार आहेत, कारण त्यांना बेन्ने दोसे खायचाय.

वही अजून आहे. बारा गोष्टीही आहेत. पण आता सोमवारी खुणा करायच्या आधी मी मामांना विचारते, आठवडाभरात काय वेगळं वाटलं. ही माझी मोठी चूक झाली आहे. ते पंधरा-वीस मिनिटं सांगतात. डाव्या दाराचा आवाज, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये येणारी थरथर, परवा म्हसोबाच्या वळणावर आलेला जळका वास, जो शेवटी शेजारच्या शेतातला निघाला. चहा गार होतो. मी उभी राहते आणि शेवटपर्यंत ऐकते.